तापीकाकूंची पाऊण घटका

बुऱ्हाणपुरात श्रावण कधी लागतो, ते विचारणाऱ्याच्या घरावर अवलंबून असतं. मराठी घरात तो अमावास्या सरल्यावर लागतो; उत्तरेकडून येऊन इथे वसलेल्या हिंदी घरांत तो पंधरा दिवस आधीच लागलेला असतो. गुजराती पेढीवाल्यांचं वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पालटतं, आमचं गुढीपाडव्याला. विणकरांच्या मोहल्ल्यात चंद्रकोर दिसल्याशिवाय महिना बदलत नाही. एकाच बाजारात हे सगळे हिशेब शेजारी शेजारी चालतात आणि सहसा कुणाचं कुणावाचून अडत नाही.

अडलंच, तर पूर्वी सगळे एका ओसरीवर येत. तिथे तापीबाई उपासनी पाटी घेऊन बसलेल्या असत. कुणी हिंदी बोलणारी बाई विचारायची, "काकी, जन्माष्टमी भादों में कब है?" तिच्या मागेच उभी असलेली मराठी बाई विचारायची, "काकू, श्रावणातली गोकुळाष्टमी कधी हो?" तापीकाकू दोघींना पंचांगातल्या एकाच ओळीवर बोट ठेवून दाखवत. विणकरांकडून निरोप आला, की ईदची कोर कोणत्या संध्याकाळी दिसण्याजोगी असेल तेही सांगत, आणि पुढे म्हणत, "कोर आकाशात असेल. ढगांचं मला विचारू नका."

मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. शिडशिडीत बांधा, ताठ पाठ, पांढरं लुगडं, दोऱ्याने कानाला बांधलेला चष्मा, आणि उजवा हात मनगटापर्यंत खडूने पांढरा. 'बहुतेक' आणि 'कदाचित' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी फार क्वचित ऐकले. पुढे सांगतो आहे त्यातलं बरंचसं त्यांनीच मला सांगितलेलं आहे. उरलेलं नंदकुमार मास्तरांनी.

त्यांचा जन्म रावेरचा. वडील पंचांगाचं गणित करणारे. चाळिशीतच त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला आणि आकडे दिसेनात. तेव्हा नऊ वर्षांची तापी त्यांच्यासमोर पाटी घेऊन बसायला लागली. ते श्लोक म्हणायचे, ती आकडे मांडायची. जुन्या गणिती श्लोकांत आकडे शब्दांत बांधलेले असतात: चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नी तीन, वेद चार, बाण पाच. मुलीच्या डोक्यात ते इतकं बसलं, की एकदा बाजारात जाऊन तिने "बाण आंबे द्या" म्हणून सांगितलं आणि आंबेवाला तोंडाकडे बघत राहिला.

तेराव्या वर्षी लग्न होऊन ती बुऱ्हाणपूरच्या उपासन्यांकडे आली. त्या घराचं स्वतःचं छोटं पंचांग होतं. सासऱ्यांच्या, केशवशास्त्रींच्या नावाने ते दरवर्षी पाडव्याआधी छापलं जायचं आणि शहरात, शाहपूर, निंबोला, फोपनार अशा आजूबाजूच्या गावांत आणि पार रावेरपर्यंत जायचं. लग्नानंतर महिन्याभरात केशवशास्त्री वैशाखाचं गणित करत बसले होते. सून पाणी ठेवायला आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मामंजी, इथे हातचा राहिला." त्यांनी पुन्हा बेरीज केली. हातचा राहिलाच होता. त्या दिवसापासून दुसरी पाटी आली.

नवरा विनायक. पूजा सांगण्यात त्याचा हातखंडा, आवाज खणखणीत, पण गणिताशी त्याचं कधी जमलं नाही आणि त्याने ते लपवलंही नाही. कुणी तिथीचं विचारलं, की तो सरळ म्हणायचा, "गणिताचं घरात विचारा." एकोणीसशे अडतीस साली तो विषमज्वराने गेला. सहा वर्षांनी सासरे गेले. मग पूजाअर्चा आणि पंचांगाची विक्री धाकटा दीर मधुकर बघू लागला. गणित तापीबाईंकडेच राहिलं. मुखपृष्ठावर नाव केशवशास्त्रींचंच. गणित कोण करतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तापीबाईंनाही नाही.

मग स्वातंत्र्य आलं. संस्थानं विलीन झाली, त्यांची नाणी गेली, जुनी वजनंमापं जाणार असं बोललं जाऊ लागलं. आणि एक दिवस पेपरात आलं, की सरकारने आता पंचांगांकडे लक्ष दिलं आहे. देशात तीसेक तऱ्हेची पंचांगं चालतात. ती तपासून सगळ्या देशासाठी एक दिनदर्शिका करायची. पुढे असंही छापून आलं, की जुन्या पद्धतीची पंचांगं आकाशाशी जुळत नाहीत. मधुकररावांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि पेपर आपटला.

"वहिनी, हे दिल्लीत बसून आपल्याला खोटं ठरवतात."

"मोजून म्हणत असतील तर म्हणू देत," तापीबाई म्हणाल्या, आणि पाटी पुसून पुढच्या पक्षाचं गणित मांडायला लागल्या.

हे पंचावन्न सालचं. त्याच उन्हाळ्यात नंदकुमार मास्तर त्यांच्या ओसरीवर आले. खंडव्याचे, नागपूरला बी.एस्सी. केलेले, इथल्या हायस्कुलात गणिताचे शिक्षक म्हणून नुकतेच लागलेले. वय पंचवीस. हातात घडी केलेला पेपर होता. ज्येष्ठ अमावास्येला सकाळी सूर्यग्रहण होतं. पेपरात ग्रहणाचा स्पर्श, म्हणजे ग्रहण लागण्याचा क्षण, सात वाजून सोळा मिनिटांनी दिला होता. उपासन्यांच्या पंचांगात सूर्योदयानंतर बरोबर तीन घटकांनी. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. त्या हिशेबाने सहा पंचावन्न.

"काकू, वीसएक मिनिटांचा फरक आहे," मास्तर जरा चाचरत म्हणाले. ते भांडायला आले नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

तापीबाईंनी पेपर चष्म्याजवळ नेला. "ही वेळ कुठली?"

"कुठली म्हणजे? घड्याळाची."

"अहो मास्तर, सूर्यग्रहण जागेगणिक वेगळं दिसतं. ही वेळ कुठल्या गावची?"

मास्तरांनी पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात नागपूर असं होतं.

"नागपूर आपल्या पूर्वेला. छाया पश्चिमेकडून येणार. म्हणजे तुमच्या पेपराचं गणित बरोबर असेल, तर आपल्याकडे दोन-तीन मिनिटं आधी लागेल. सात तेरा धरा." त्यांनी पाटीवर आकडा लिहिला. "तुमच्या आणि माझ्या वेळेत अठरा मिनिटं राहिली. पाऊण घटका. आता बोला."

मास्तर मला म्हणाले, की आपण या बाईंना शिकवायला निघालो होतो याची त्यांना त्या क्षणी लाज वाटली. पुढचं तापीबाईंनीच बोलून टाकलं. "माझी वेळ पंचांगात छापून झाली आहे, तुमची पेपरात. सूर्य काही दोन नाहीत. अमावास्येला नदीवर, राजघाटावर या. घड्याळ आणा."

ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. मधुकररावांना ती मुळीच आवडली नाही. ग्रहणाच्या दिवशी घाटावर शेकडो माणसं त्यांच्या शब्दावर पाण्यात उतरायची. तिथे परीक्षा कसली घ्यायची?

"भाऊजी, आपण वेळ सांगतो ती बरोबर आहे की नाही, हे आपल्यालाच कळायला नको का?" तापीबाईंनी विचारलं.

तापीबाईंना स्वतःच्या गणिताची पुरती खात्री होती. हे त्या कधी लपवत नसत. "मला वाटत होतं, मास्तर हरणार," असं त्यांनी मला हसत हसत सांगितलं.

अमावास्येच्या पहाटेच राजघाटाच्या पायऱ्या भरल्या. शहरातली माणसं होतीच. निंबोल्याकडून बैलगाड्या आल्या होत्या. आदल्या रात्रीपासूनचे वेध, त्यामुळे सगळे उपाशी. तापीबाई एका रुंद पायरीवर बसल्या. समोर पाण्याने भरलेलं घंगाळ आणि त्यात तांब्याचं घटिकापात्र: बुडाला बारीक भोक पाडलेली वाटी, जी भरून बुडायला बरोबर एक घटका लागते. शेजारी काजळ कालवलेल्या पाण्याची परात, सूर्याचं प्रतिबिंब बघायला. मास्तरांनी आदल्या दिवशी कापसाचे व्यापारी भाईदास शेठ यांच्या रेडिओवर मनगटी घड्याळ लावून घेतलं होतं. शेठही मजा बघायला आले होते. सूर्याची कड दिसली तशी तापीबाईंनी वाटी पाण्यावर सोडली आणि मास्तरांनी वहीत वेळ टिपली.

पहिली वाटी बुडाली. मग दुसरी. तिसरी भरत आली तसा घाटावरचा कालवा थांबला. वाटी 'डुबुक' करून खाली गेली, मधुकररावांनी हात वर केला आणि माणसं पाण्यात शिरली. बायकांनी डोळे मिटले, जप सुरू झाले. तापीबाई परातीवर वाकल्या.

काळ्या पाण्यात सूर्य अख्खा होता. वाटोळा, स्वच्छ. कुठे टवका नाही.

त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला. वाटी पुन्हा पाण्यावर सोडली होती, ती हळूहळू भरत होती. सूर्य तसाच. मधुकरराव ओल्या पायांनी जवळ आले आणि खाली वाकून म्हणाले, "वहिनी, ढग आहेत पातळ. दिसत नसेल. लागलंय म्हणा."

"लागलेलं नाही."

"लोक पाण्यात आहेत!"

"तेच तर." तापीबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मुळात मोठा नाही, पण त्या दिवशी तो शेवटच्या पायरीपर्यंत गेला. "ऐका! ग्रहण अजून लागलेलं नाही. माझी वेळ चुकली. बाहेर या आणि थांबा, लागलं की मी सांगते."

मग निंबोल्याच्या सरुबाई, गुडघाभर पाण्यात, ओरडून विचारत्या झाल्या, "मंग आमची आंघोळ झाली का नाही?"

"आंघोळ झाली. ग्रहणाची नाही झाली."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, आणि माणसं लुगडी-धोतरं पिळत बाहेर यायला लागली. मधुकरराव तोंड फिरवून उभे राहिले. तापीबाई पुन्हा खाली बसल्या. पुढची दहा-बारा मिनिटं आयुष्यातली सगळ्यात लांब होती, असं त्या म्हणत. पण परातीवरची नजर त्यांनी काढली नाही. चौथी वाटी पाऊणएक भरली आणि सूर्याच्या वरच्या कडेला, नखाने खरवडल्यासारखा, एक काळा टवका दिसला.

"लागलं," त्या म्हणाल्या. "मास्तर?"

"सात तेरा, काकू. तेरा आणि काही सेकंद."

माणसं पुन्हा पाण्यात गेली. भाईदास शेठ जवळ येऊन म्हणाले, "काय काकू, तुमचा ग्रहण तर गाडीसारखा लेट झाला."

"गाडी वेळेवर आली, शेठ. टाइमटेबल माझं चुकलं."

मास्तर मात्र घड्याळाकडेच बघत राहिले होते. पेपरातली वेळ सात सोळा होती. सात तेराचा आकडा याच बाईंनी महिन्यापूर्वी ओसरीवर, त्यांच्याच पेपराच्या आधाराने, काढून दिला होता.

घरी गेल्यावर मधुकररावांचा राग बाहेर पडला. चार गावांत हसं झालं, बाबांचं नाव गेलं, आता पंचांग कोण घेणार. तापीबाईंनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, रीत चुकलेली नाही. रीत चुकली असती तर नागपूर आणि बुऱ्हाणपूरमधला फरक बरोबर आला नसता. चुकले आहेत ते सुरुवातीचे आकडे. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी आकाश बघून ते ठरवले. चंद्राच्या गतीत तेव्हा केसाएवढी चूक राहिली असेल, ती साठत साठत पाऊण घटका झाली."

"मग आता?"

"जुन्या गणित्यांना हे माहीत होतं. म्हणून तर त्यांनी बीज द्यायला सांगितलं आहे. इतकी वर्षं गेली की आकाशाकडे बघा, फरक मोजा, आणि आकडे दुरुस्त करा. मामंजींनीच मला ते शिकवलं. पण त्यांनी केलं नाही, त्यांच्या वडिलांनी केलं नाही, मीही केलं नाही. श्लोक पाठ होते ना आपले! बघायची गरजच वाटली नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांच्या घरी गेल्या. त्या कुणाकडे जात नसत. लोक त्यांच्याकडे येत. मास्तरांकडे खलाशांसाठी छापलेलं एक इंग्रजी पंचांग होतं, नागपूरहून आणलेलं. त्यात सूर्य, चंद्र, ग्रह रोज कुठे असतात ते दिलेलं. तापीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. दहा आकडे त्या एका सकाळी शिकल्या. पानं उलटता उलटता थांबल्या. "हे काय, अंशाचे साठ भाग आणि त्याचे पुन्हा साठ? मग हे आपलंच की. अंश, कला, विकला. यांचेही साठच!" त्या इतक्या खूश झाल्या, की मास्तरांच्या आईने पुढे केलेला चहा निवून गेला.

पावसाळाभर दोघं ओसरीवर बसले. इंग्रजी पुस्तकातला चंद्र आणि श्लोकांतला चंद्र शेजारी शेजारी मांडायचे, रोजचा फरक काढायचा, त्या फरकाला काही शिस्त आहे का बघायचं. आकाश मोकळं असेल त्या संध्याकाळी चंद्र कुठल्या नक्षत्राजवळ आहे ते बघून ताडायचं. बदल्यात मास्तर शब्दांतले आकडे शिकले. एकदा वर्गात त्यांच्या तोंडून "वेद गुणिले बाण" निघून गेलं आणि मुलं आठवडाभर तेच म्हणत होती.

पुढच्या पाडव्याचं पंचांग छापायला द्यायची वेळ आली. तापीबाईंनी पहिल्या पानासाठी चार ओळी लिहिल्या होत्या: गेल्या वर्षी ज्येष्ठ अमावास्येच्या ग्रहणाचा स्पर्श पाऊण घटका आधी दिला होता, ती चूक माझी, या वर्षापासून चंद्रसूर्याची स्थानं वेध घेऊन दुरुस्त केली आहेत.

मधुकररावांनी कागद खाली ठेवला. "बाबांच्या नावाखाली मी हे छापणार नाही. ते गेलेत. त्यांनी चूक कबूल केली असं होईल."

"बरोबर आहे," तापीबाई म्हणाल्या. "त्यांच्यावर कशाला? माझं नाव घाला."

मधुकररावांना ही वाट अपेक्षित नव्हती. आतून त्यांची बायको निर्मला म्हणाली, "घाला की. चुकलं जाऊबाईंचं, आणि सुधारलंही त्यांनीच. नाव दुसऱ्या कुणाचं घालणार?"

अशा रीतीने मुखपृष्ठावर 'गणितकर्त्या: श्रीमती तापीबाई विनायक उपासनी' असं छापलं गेलं. तीस वर्षांच्या बिनचूक बेरजांनी जे नाव तिथे आलं नव्हतं, ते एका चुकीने आलं, असं मी एकदा त्यांना म्हणालो. त्या म्हणाल्या, "बिनचूक कुठे? पाऊण घटका चुकतच होत्या सगळ्या."

त्या वर्षी अर्ध्याहून जास्त प्रती परत आल्या. स्वतःची चूक छापणारं पंचांग देवाजवळ कसं ठेवायचं, असं शाहपूरच्या एका यजमानांनी मधुकररावांना तोंडावर विचारलं. मधुकरराव पिशवी खांद्याला लावून गावोगाव हिंडले, पण मनापासून नाही. निंबोल्याला सरुबाईंच्या दारात ते उभेसुद्धा राहणार नव्हते. सरुबाईंनीच हाक मारली.

"भटजी, ते पंचांग द्या मले. त्या दिवशी मी पाण्यात होती. दुसरं कोणी असतं, तर आम्हाले तसंच उभं ठेवलं असतं, आन् आम्ही बी समजलो असतो का झालं ग्रहण." त्यांनी स्वतःसाठी एक घेतलं आणि जावेसाठी एक. मधुकररावांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर ते परीक्षेच्या गोष्टीवरून कधी चिडले नाहीत.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात प्रांत बदलला. आमची कचेरी नागपूरकडे बघायची ती भोपाळकडे बघायला लागली. कागदपत्रं हिंदीत आली, शाळेच्या पाट्या बदलल्या, आणि मराठी घरांत बरेच दिवस पुढे काय याची चर्चा चालली. तापीबाईंनी चर्चा केली नाही. त्यांनी पंचांगाचं पान नव्याने आखलं. डावीकडे मराठी महिना, शेजारी हिंदी महिना, त्याच्यापुढे गुजराती संवत, आणि कोपऱ्यात चंद्रदर्शनाचा दिवस. हिंदी मजकूर मास्तरांनी लिहिला. सत्तावन्नच्या मार्चमध्ये सरकारची राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, तेव्हा तिच्यासाठीही एक रकाना आखला.

"अजून एक?" भाईदास शेठ म्हणाले. "काकू, सरकार तर सगळ्यांचं एक करणार होतं."

"त्यांचा चैत्र दिवस-रात्र समान होतात त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. ते खरं आहे, मी तपासलं." आणि तपासलं होतंच. एकवीस मार्चला अंगणात बारा अंगुळांची काठी उभी करून त्यांनी भर दुपारची सावली मोजली होती. ती चार अंगुळं आणि वर पाऊण अंगुळाला किंचित कमी भरली. बुऱ्हाणपूरसाठी हा आकडा त्यांच्या आजेसासऱ्यांच्या हस्तलिखितात होता, तोच. "हे मात्र त्यांनी बघूनच लिहिलेलं," असं म्हणत त्यांनी ते पान बराच वेळ मिटलं नाही.

त्याच वर्षी कार्तिकी पौर्णिमेला चंद्रग्रहण आलं. दिवेलागणीची वेळ, राजघाटावर पणत्या लागलेल्या, चंद्र नुकताच वर आलेला. पंचांगात सहा वाजून चौदा मिनिटं दिली होती. या खेपेला वेळ होऊनही पाण्यात कुणीच उतरलं नाही. सगळे पायऱ्यांवर उभे राहून तापीबाईंकडे बघत होते. चंद्राच्या कडेवर सावली दिसली तेव्हा मास्तरांच्या घड्याळात सहा चौदा होऊन अर्धं मिनिट झालं होतं. तापीबाईंनी नुसती मान हलवली आणि लोक पाण्यात गेले. पुढच्या पाडव्याला प्रती कमी पडल्या.

त्या भविष्य सांगत नसत. पत्रिका मांडून द्यायच्या, पण पुढचं विचारलं की म्हणायच्या, "ग्रह कुठे आहेत ते मी सांगते. ते काय करतील, हे मला कुणी शिकवलं नाही." यावरून बासष्टच्या फेब्रुवारीत त्यांची खरी कसोटी लागली. तेव्हा मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले होते, आणि देशभर बोललं जात होतं की आता प्रलय होणार. चोपड्या छापल्या गेल्या. ठिकठिकाणी होम सुरू झाले. आमच्या गावातही मोठा होम ठरला आणि तो सांगायला मधुकररावांना बोलावणं आलं. "जाऊ का, वहिनी?" त्यांनी विचारलं. "जा की. लोकांना धीर येत असेल तर चांगलंच आहे. फक्त भीती घालू नका."

अमावास्येच्या आदल्या दिवशी फोपनारचा लोटू आला. केळीचा बागायतदार, चाळिशीचा, धिप्पाड गडी. तो ओसरीच्या कडेवर बसला आणि कितीतरी वेळ टोपीच फिरवत राहिला.

"काकू, बैलजोडी इकून टाकू का?"

"का? म्हातारी झाली?"

"नाही, जवान हाये. पण उद्या सगळं बुडनार म्हनतात. मंग बैल कायले ठेवायचे?"

"आणि घेणारा कशाला घेतोय? तो बुडणार नाही का?"

लोटूने यावर विचार केला नव्हता. पण चेहऱ्यावरची भीती गेली नाही. "तुम्ही सांगा ना काकू. आठ ग्रह खरंच एका जागी येनार का?"

"येणार. मी गणित केलंय, आठही मकरेत आहेत. खोटं नाही ते."

लोटूचा चेहरा आणखीच उतरला. तापीबाई म्हणाल्या, "लोटू, उद्या सकाळी इकडे ये. मला अंगणात सावली मोजायची आहे आणि मास्तर खंडव्याला गेलेत. माझ्याच्याने आता सारखं वाकवत नाही. तू घटके-घटकेला सावलीच्या टोकावर चुन्याची खूण करायची."

तो आला. तापीबाईंनी अंगणात काठी उभी केली, हातात चुन्याची वाटी आणि दोरी दिली. सकाळी लोटूच्या पहिल्या दोन खुणा वेड्यावाकड्या पडल्या. वाऱ्याने दार वाजलं तरी तो दचकून वर बघायचा. लांबून होमाचे मंत्र येत होते आणि धुराचा वास. तापीबाई मधूनच सांगायच्या, "हं, वाटी बुडाली. खूण कर." तो करायचा. सावली आखडत गेली, दुपारी अगदी जवळ आली, मग दुसऱ्या बाजूला वाढायला लागली. निर्मलाने दोनदा चहा आणला. दुसऱ्या चहापर्यंत लोटूने वर बघणं सोडलं होतं आणि सावली आता कुठे जाईल याचा अंदाज बांधून आधीच बोट ठेवायला लागला होता. दोनदा त्याचा अंदाज बरोबर आला.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा अंगणात चुन्याच्या ठिपक्यांची एक लांब रांग तयार झाली होती. लोटूने तिच्याकडे बघितलं, हात झटकले, मोठी जांभई दिली आणि म्हणाला, "काकू, आता मी जातो. ढोरं पान्याची राहिली असतील."

"जा," तापीबाई म्हणाल्या. "जाताना तेवढी दोरी गुंडाळून ठेव."